सिव्हिलच्या अतिदक्षता कक्षापर्यंत: ८२ हजार तासांचा घटनाक्रम

शनिवार, ६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीज. सकाळी साडेदहाच्या सुमारास नगरच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, करोना रुग्णांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ रुग्ण होते. त्यांतले ११ त्याच दिवशी गेले, आणि पुढच्या दिवसांत वाचलेल्यांपैकीही काहींचा मृत्यू झाला.

त्या आगीचं वर्णन तेव्हा पुष्कळ झालं. त्या साडेदहापर्यंतचे तास मात्र कोणी नीट मोजले नाहीत. माझ्या मते ते मोजायला एका जुन्या राजकीय वादापासून सुरुवात करावी लागते. गरीब माणसाच्या उपचाराचे पैसे सरकारने कसे द्यायचे, हा तो वाद. विमा काढून द्यायचे, की रुग्णालय उभं करून? महाराष्ट्रात या प्रश्नावर प्रत्येक पक्षाने काही ना काही भूमिका घेतली आणि प्रत्येक सरकारने तडजोड केली. दर तडजोडीत एकच बाब मागे राहिली. ती कोणती, हे घड्याळ मागे नेलं की दिसतं.

सुमारे ८२ हजार तास आधी: २ जुलै २०१२

काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. नगर त्यांत नव्हतं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, ९७०च्या आसपास ठरलेले उपचार, आणि त्यापोटी सरकार नॅशनल इन्शुरन्स या सरकारी विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता भरणार, अशी रचना होती. रुग्णाने पैसे द्यायचे नाहीत, रुग्णालयाने कंपनीकडे दावा करायचा.

योजना चांगली होती, हे आधी स्पष्ट म्हणतो. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन, अँजिओप्लास्टी, डायलिसिस यांसाठी शेत विकणाऱ्या माणसाला तिने हात दिला. तरी वाद होताच, आणि तो खरा वाद होता. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना सांगत होत्या की विम्याचा पैसा बहुतांशी खासगी रुग्णालयांकडे जाईल आणि जिल्हा रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं तशीच राहतील. सरकारची बाजू अशी होती की सरकारी रुग्णालयं दुरुस्त होईपर्यंत रुग्ण थांबू शकत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं. तडजोड ठरली ती अशी की सरकारी रुग्णालयांनीही योजनेत यावं, उपचार करावेत, दावे करावेत, आणि त्या मिळकतीतून स्वतःला सुधारावं.

कागदावर ही तडजोड सुंदर दिसते. पण दावा करण्यासाठी आधी शस्त्रक्रिया करता आली पाहिजे. शस्त्रक्रियेसाठी तज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, चालू स्थितीतलं यंत्र हवं. ज्या रुग्णालयात यांतलं काही नाही ते दावा करणार कशाचा? बहुतांश दावे खासगी रुग्णालयांचेच झाले. ज्याच्याकडे आधीपासून होतं त्याच्याकडे आणखी गेलं.

सुमारे ७० हजार तास आधी: २१ नोव्हेंबर २०१३

नागपुरात सोनिया गांधींच्या हस्ते योजना राज्यभर लागू झाली. नगर जिल्हा आत आला.

पुढे सरकार बदललं. युतीच्या सरकारने चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतलं. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर घेतलेला हा निर्णय होता आणि त्यामागचं दुःख खरं होतं. पण रेषा ओढली ती जिल्ह्याच्या हद्दीवर. जामखेडच्या पुढे हद्द ओलांडली की आष्टी तालुका लागतो, जिल्हा बीड. पाऊस तोच, ज्वारी तीच, ऊसतोडीला जाणारे हातही तेच. आष्टीचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी सातबारा दाखवून योजनेत बसायचा. जामखेडचा, पाथर्डीचा बसायचा नाही, कारण नगर जिल्हा चौदांत नव्हता. दुष्काळाला महसुली हद्द कळत नाही. योजनेला मात्र तीच कळत होती.

२०१७ मध्ये योजनेचं नाव बदललं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. त्यावरही वाद झाला. १९९७ मध्ये युतीच्याच पहिल्या सरकारने ‘जीवनदायी’ नावाची योजना आणली होती, आघाडीने तिला राजीव गांधींचं नाव देऊन नव्याने मांडली, मग पुन्हा नाव बदललं. वीस वर्षांत नावावर जेवढं भांडण झालं तेवढं जिल्हा रुग्णालयांच्या वायरिंगवर विधिमंडळात झालं असतं, तर हा लेख लिहावा लागला नसता असं मला वाटतं.

२७,३६० तास आधी: २३ सप्टेंबर २०१८

पंतप्रधानांनी रांचीत आयुष्मान भारत योजना सुरू केली. कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण, खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. पश्चिम बंगाल, ओडिशा, तेलंगणा, दिल्ली अशा काही राज्यांनी वेगळा रस्ता धरला. महाराष्ट्र आत गेला, पण इथे दोन याद्या समोरासमोर आल्या. केंद्राची यादी २०११च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरची, तिच्यात राज्यातली सुमारे ८३ लाख कुटुंबं. राज्याची यादी रेशनकार्डावरची, तिच्यात दोन कोटी वीस लाखांच्या वर. एकाच गल्लीत एका घराला पाच लाख आणि शेजारच्या घराला दीड लाख, आणि दोघांनाही आपण नेमके कोणत्या यादीत आहोत हे दवाखान्याच्या दारात गेल्यावर समजणार.

हा गुंता सोडवायला दीड वर्ष गेलं. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र राबवायचं ठरलं. पहिले दीड लाख विमा कंपनीकडून, आणि केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांना त्यावरची रक्कम राज्याच्या आरोग्य हमी सोसायटीकडून थेट. म्हणजे अर्धा विमा आणि अर्धी हमी. तोवर राज्यात महाविकास आघाडीचं सरकार आलं होतं आणि केंद्रात भाजपचं होतं, तरी ही जोडणी झाली. राजकीय तडजोड म्हणून ती वाखाणण्यासारखीच आहे.

आणि या जोडणीतही शंभराहून अधिक उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव राहिले. हेतू चांगला होता, सरकारी रुग्णालयांकडे काम यावं हा. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की त्या उपचारांसाठी कार्ड घेतलेल्या माणसाला सिव्हिलची पायरी चढावीच लागणार. ती इमारत सुरक्षित असेल हे या साऱ्या करारांत गृहीतच धरलेलं होतं.

१२,७६८ तास आधी: २३ मे २०२०

करोनाने सगळे हिशेब उधळले. २१ मे २०२०ला सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले. साधा कक्ष दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. दोन दिवसांनी जन आरोग्य योजना साथीपुरती राज्यातल्या प्रत्येकाला खुली केली, कार्डाचा रंग न पाहता. जामखेडचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी शेवटी आत आला, तो साथीमुळे आला.

पण योजनेतली पॅकेजं गंभीर रुग्णांपुरती होती आणि बाकीच्यांना बिल होतंच. बांधलेला दर धरला तरी व्हेंटिलेटरवरचे दहा दिवस म्हणजे ९० हजार रुपये, आणि महागडी औषधं त्यावर वेगळी. दुधाच्या धंद्यावर घर चालवणाऱ्या पारनेरच्या किंवा श्रीगोंद्याच्या कुटुंबाने कुठे जायचं? कोणी पारनेर तालुक्यातल्या भाळवणीला, तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांच्या मोफत केंद्रात गेलं. ज्यांना प्राणवायूच्या पुढचं काही लागलं ते सिव्हिलला आले. वर्षानुवर्षं ज्या इमारतीला ‘गरिबाचा दवाखाना’ म्हणून टाळलं जायचं, तीच आता जिल्ह्याची शेवटची आशा झाली. तिथे करोनासाठी नवा अतिदक्षता कक्ष उभा राहिला.

७,७५२ तास आधी: १८ डिसेंबर २०२०

राजकोटच्या करोना रुग्णालयातल्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि या दिवशी सर्व राज्यांना आदेश दिला. प्रत्येक करोना रुग्णालयात अग्निसुरक्षेसाठी जबाबदार अधिकारी नेमा, आणि जिल्हास्तरीय समितीकडून महिन्यातून किमान एकदा तपासणी करा.

महाराष्ट्राला खरं तर या आदेशाची गरज पडायला नको होती. राज्याचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६चा आहे. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यावं लागतं, असं तो सांगतो. यातून सरकारी रुग्णालय सुटत नाही.

सुमारे ७,२३० तास आधी: ९ जानेवारी २०२१

मध्यरात्र उलटून गेल्यावर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. राज्य हादरलं. सगळ्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले.

या टप्प्यावर मला थांबावंसं वाटतं, कारण अनर्थ टळण्याची सगळ्यात मोठी संधी हीच होती. तपासणी म्हणजे काय, तर एक माणूस येतो, पाहतो आणि लिहून देतो. इथे धूरशोधक हवा, इथे छतातून पाण्याचे फवारे हवेत, इथली वायर बदला, इथे बाहेर पडायला दुसरं दार हवं. त्या कागदाला किंमत येते त्यावर पैसे मंजूर झाले की. मग अंदाजपत्रक होतं, तांत्रिक मान्यता लागते, प्रशासकीय मान्यता लागते, निविदा निघते, काम बांधकाम खात्याचं की विद्युत शाखेचं की आरोग्य खात्याचं हे ठरतं. विमा कंपनीला हप्ता भरायची तारीख ठरलेली असते. फवाऱ्याच्या नळीला तारीख नसते.

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटलं होतं की २०२०पर्यंत राज्यांनी आपल्या एकूण खर्चाच्या आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर घालावा. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नव्हता. त्या अपुऱ्या पैशात एक वाटा योजनेचा असतो, एक पगाराचा, एक औषधांचा. भिंतीच्या आतल्या वायरिंगचा नंबर शेवटी लागतो, कारण तिचं उद्घाटन होत नाही.

सिव्हिलमध्ये अग्निसुरक्षेची तपासणी झाली होती. तिने सुचवलेली यंत्रणा पूर्ण बसलेली नव्हती. हे आगीनंतर समोर आलं.

सुमारे ४,७७४ तास आधी: २१ एप्रिल २०२१

नाशिकच्या महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती. दाब घसरला, २२ रुग्ण त्याच दिवशी गेले. दोन दिवसांनी पहाटे विरारच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता कक्षाला आग, १३ जण त्याच दिवशी. नाशिक हे नगरचंच महसुली विभागीय मुख्यालय. धोक्याची सूचना याहून जवळून मिळणार नव्हती.

७९२ तास आधी: ४ ऑक्टोबर २०२१

राज्यात साथ ओसरत होती, नगर जिल्ह्यात नव्हती. जिल्हाधिकारी राजेंद्र भोसले यांनी ६१ गावांत दहा दिवसांची टाळेबंदी लावली. मुंबई-पुण्यात नाट्यगृहं उघडायची चर्चा चालली असताना आपल्याकडे गावाच्या वेशीवर अडसर लागले होते. सिव्हिलचा अतिदक्षता कक्ष त्यामुळेच दिवाळीतही रिकामा झाला नाही.

२४ तास आधी: शुक्रवार, ५ नोव्हेंबर

पाडवा. एसटी कामगारांचा संप पेटत होता, अनेक आगारांतून गाड्या निघत नव्हत्या. तालुक्यातून नातेवाइकाला भेटायला येणाऱ्यांना खासगी वाहन शोधावं लागत होतं. करोना कक्षात तसंही आत सोडत नाहीत, माणसं बाहेर बसून राहतात. सणाच्या दिवसांत कुठल्याही सरकारी रुग्णालयात रजा असतात आणि हजर असलेल्यांवर भार वाढतो.

शेवटचा तास

अतिदक्षता कक्ष म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. प्रत्येक खाटेभोवती व्हेंटिलेटर, मॉनिटर, औषध सोडणारे पंप, वर वातानुकूलन यंत्र, आणि हे सारं चोवीस तास चालू. घरात आपण दुपारी पंखाही बंद करतो, इथे महिनोन्महिने काहीच बंद होत नाही. वायरी तापत राहतात. त्यात करोनाच्या रुग्णाला प्राणवायू मोठ्या प्रवाहाने द्यावा लागतो. मुखवट्याच्या कडेने तो खोलीत सुटतो, हवेतलं त्याचं प्रमाण वाढतं. अशा हवेत जी ठिणगी एरवी विझली असती ती धरते. गादी, पडदा, प्लास्टिकची नळी, सारं पेटतं आणि काळा धूर सोडतं. थंड हवा आत राहावी म्हणून खिडक्या बंद असतात, म्हणून धूरही आतच राहतो. आणि ज्याची फुप्फुसं आधीच निकामी झाली आहेत, जो यंत्राच्या श्वासावर आहे, त्याला उठून दाराकडे जाता येत नाही. एका रुग्णाला व्हेंटिलेटरवरून काढून हलवायला तीन-चार माणसं लागतात.

म्हणून अशा कक्षात आग लागल्यावर विझवायची हा विचारच अपुरा आहे. ती पहिल्या मिनिटात कळली पाहिजे आणि दुसऱ्या मिनिटात छतातून पाणी पडलं पाहिजे. तिसऱ्या मिनिटानंतर माणसाच्या धैर्यावर भिस्त ठेवावी लागते.

शून्य: शनिवार, ६ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा ते अकरा

आग लागली. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा होता. धुराने कक्ष भरला. अग्निशमन दलाचे बंब आले, कर्मचाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी मिळतील त्या वाटांनी रुग्ण बाहेर काढले, दुसऱ्या कक्षांत हलवले. मृतांतले बहुतेक वयस्क होते. अनेकांचा जीव धुराने गुदमरून गेला.

भाऊबीजेच्या दिवशी नगर जिल्ह्यात अकरा घरांत निरोप गेला.

नंतरचे तास

दुपारपर्यंत पंतप्रधानांचा शोकसंदेश आला, मुख्यमंत्र्यांनी चौकशीचे आदेश दिले, प्रत्येक मृताच्या कुटुंबाला राज्याकडून पाच लाखांची मदत जाहीर झाली. पालकमंत्री हसन मुश्रीफ होते, आरोग्यमंत्री राजेश टोपे. विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्याकडे चौकशी गेली. विरोधी पक्षाने निष्काळजीपणाचा आरोप केला, सत्ताधाऱ्यांनी कक्ष नवा होता याकडे बोट दाखवलं.

सुमारे ४८ तासांनी जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींवर निलंबनाची आणि सेवासमाप्तीची कारवाई झाली. ९ नोव्हेंबरला अटक झाली ती चौघींना. एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. परिचारिका आणि डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर आल्या. कक्षात कोण हजर होतं आणि कोण नव्हतं हे तपासणं पोलिसांचं काम होतं, ते त्यांनी करावंच. पण छतात फवारा नाही याचा जाब पाळीवर काम करणाऱ्या परिचारिकेला विचारता येत नाही. तो ज्यांच्या सहीने मंजुरी अडते त्यांना विचारायचा असतो, आणि त्यांच्या वरच्या मंत्रिमंडळाला. २०१२पासून जी जी सरकारं आली त्या सगळ्यांना.

सुमारे १४ हजार तास नंतर: २८ जून २०२३

मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्वांना, आणि संरक्षण पाच लाखांचं. अकरा वर्षांची कार्डाच्या रंगाची भिंत पडली. आष्टी आणि जामखेड एका रांगेत आले. हा निर्णय योग्य होता आणि तो उशिरा झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाण्याच्या कळव्यातल्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण गेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४, त्यांत १२ नवजात. कार्ड सगळ्यांकडे येत होतं, रुग्णालयं तशीच होती.

या साऱ्या तडजोडींबद्दल माझं म्हणणं असं आहे. विमा की रुग्णालय हा वाद पक्षांनी मिटवला तो ‘विमा आधी, रुग्णालय नंतर’ असा, आणि हे ‘नंतर’ कोणत्याही अर्थसंकल्पात तारखेसह आलं नाही. यापुढे योजनेच्या हप्त्याचा रुपया मंजूर होईल त्याच ठरावात जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांच्या वीज आणि अग्निसुरक्षेची रक्कम मुदतीसह बांधलेली असावी. ती मुदत चुकली तर उत्तर सचिवाने द्यावं, परिचारिकेने नाही.

तोवर वाचकांनी एक करावं. कायद्याप्रमाणे अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत व्हायला हवं. आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जा, शेवगाव असो, अकोले असो, कर्जत असो, आणि ते दाखवा म्हणा. दाखवलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. माहिती अधिकाराच्या कायद्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून लढा दिला गेला आहे. अर्जाला दहा रुपये लागतात.